गर्दी नसलेली वेळ

कुठल्या ठिकाणी किती वाजता गेलं की गर्दी नसते, हे मला विचारावं. कुवेतमध्ये होते तेव्हा ओळखीतली निम्मी मराठी मंडळी मला विचारूनच घराबाहेर पडायची. बँकेत साडेदहाला जा, मासळीला दुपारच्या बांगेनंतर जा, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कचेरीत खिडकी उघडायच्या आधी दहा मिनिटं जाऊन उभे राहा. मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. रोज सकाळी रक्त द्यायला येणाऱ्यांची रांग बघून बघून माणसं कधी येतात, कधी चिडतात आणि कधी पांगतात, हे मला पाठ झालं होतं. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

माझी दुसरी ख्याती आवाजाची. कुडाळजवळच्या गावात, ओहोळापलीकडच्या मळ्यात काम करणाऱ्या माणसाला जेवायला हाक मारून मारून तो कमावलेला. लॅबमधून मी पेशंटचं नाव पुकारलं की कॉरिडॉरच्या टोकाला डुलक्या काढणारा माणूसही उठून बसायचा. हेड सिस्टर दोनदा समजावून गेली होती. माझा नवरा पुण्याचा, तो घरात रेडिओसुद्धा दबक्या आवाजात लावायचा. त्याने समजावणं कधीच सोडून दिलं होतं.

नव्वद सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही रुमैथियाला राहत होतो. नवरा, मी आणि नऊ वर्षांची मुलगी, जिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, तोही कुवेतमध्येच होता, पण आमच्यासारखा फॅमिली घेऊन नाही. तो फिटर. कंत्राटावर आलेला, अबू हलीफाला एका खोलीत आठ जण. दर शुक्रवारी बसने आमच्याकडे जेवायला यायचा, माशाची कढी दोनदा मागून घ्यायचा आणि संध्याकाळच्या बसने परत जायचा.

शहराबाहेर खाडीच्या काठाला खेळांची एक भलीमोठी बाग होती. गाड्या, घसरगुंड्या, बोटी, आणि मधोमध आकाशपाळणा. या पाळण्यांची देखभाल करणाऱ्या टोळीत दादा होता. पहाटे चारला त्यांना ट्रक न्यायला यायचा. अंधारातच ते कामाला लागायचे, नट आवळायचे, वंगण घालायचे, आणि दुपार व्हायच्या आत घरी. दोन वर्षं हेच काम. त्याचं तिथलं कंत्राट संपत आलं होतं आणि पुढच्या पंधरवड्यातल्या गुरुवारी तो कायमचा गावी जाणार होता.

त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर त्याने खिशातून कॅसेट काढली. तेव्हा गावाकडची पत्रं अशीच यायची, कुणीतरी सुट्टीवरून येताना बोललेली कॅसेट घेऊन यायचा. आमच्या टेपरेकॉर्डरवर त्याने ती लावली. वहिनीची खुशाली झाली, भातशेतीचं झालं, मग त्याच्या सात वर्षांच्या मुलीचा आवाज आला. अगदी माईकला तोंड लावून बोलत होती.

"बाबानू, तुमच्या पाळण्यात बसलेली माणसां वरती गेल्यार आरडतत काय हसतत? शाळेत माका सगळी विचारतत. येताना नक्की बघून येवा."

दादाने टेप बंद केला.

"आता काय सांगू चेडवाक?" तो म्हणाला. "माका खय ठावक?"

मला कळेना. दोन वर्षं त्या पाळण्याचा नट नि नट हाताळलेला माणूस.

"म्हणजे? तू कधी बघूक नाय?"

"रिकामो बघलंय गो. सकाळी आमी सीटांवर रेतीची पोती ठेवून फिरवतो. वजनाक. माणसां बसलेली कधीच नाय बघूक. बाग उघडता चारांक, आणि आमी अकरांक भायर."

"मग संध्याकाळी जायचंस."

"एकट्या पुरुषाक सोडनत नाय. फॅमिली होयी."

फॅमिली पाहिजे. ती फॅमिली त्याच्यासमोर बसून बडीशेप खात होती. मी भडकले. दोन वर्षं दर शुक्रवारी माझ्या हातचं जेवतोस आणि एका शब्दाने सांगता येत नाही? माझा आवाज ऐकून शेजारच्या गॅलरीतली बाई डोकावली. दादा नुसता हसत होता. लहानपणापासून मी ओरडायला लागले की तो असाच हसतो. मग माझ्याच लक्षात आलं की आम्ही दोनदा ईदला त्या बागेत गेलो होतो. दोन्ही वेळा रांगेत दीड दीड तास उभं राहून, मुलीला रडवून, एकाही पाळण्यात न बसता परत आलो होतो, आणि दोन्ही वेळा ती रडकथा मी दादालाच जेवताना रंगवून सांगितली होती. चल येतोस का, असं विचारायचं मला सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी कामाला लागते.

"जायचं," मी म्हटलं. "आणि गर्दी नसेल तेव्हाच जायचं. कधी जायचं ते मी ठरवते."

मग सुरू झाली ती चर्चा. नवऱ्याचं म्हणणं रात्री आठला जाऊ, वारा असतो. मी म्हटलं, आठला अख्खं कुवेत रस्त्यावर असतं. दादा म्हणाला, लोखंड पाच वाजेपर्यंत तापलेलं असतं, हात लावला तर चटका बसतो. मी म्हटलं, बसू की रुमाल घालून. माझा हिशेब सरळ होता. गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे, ते बाद. इथली माणसं दुपारी झोपतात, उठून चहा पिऊन निघेपर्यंत सहा वाजतात. म्हणजे कामाच्या दिवशी, दार उघडल्या उघडल्या, चार वाजता. ओपीडीचा पहिला पेशंट व्हायचं, एवढंच.

वार राहिला. लॅबमध्ये माझ्याबरोबर एक इजिप्शियन बाई होती, तीन मुलींची आई. तिला विचारलं, तर ती ताबडतोब म्हणाली, "सोमवार. मी नेहमी सोमवारीच जाते. मुली असतात, माझ्या बहिणी असतात. शांतपणे फिरता येतं, काही कटकट नाही." मी सोमवारची ड्यूटी बदलून घेतली. दादाला सांगितलं तर तोही खूश झाला.

"बरा झाला. सोमवारी आमका दहांकच भायर काढतत. वायच झोपून घेयन."

सोमवारीच का लवकर बाहेर काढतात, हे ना त्याने कधी विचारलं होतं, ना मी विचारलं. नशीब साथ देतंय म्हणायचं आणि पुढे जायचं.

सोमवारी तीनला आम्ही त्याला अबू हलीफाहून उचललं. गुरुवारी त्याचं विमान, म्हणजे हा एकच दिवस. तो इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्यावर उभा होता, केसांना तेल, आणि काखेत खोलीतल्या सोबत्याकडून मागून आणलेला छोटा टेपरेकॉर्डर.

"ह्यो कित्याक?"

"चेडवाक आवाज ऐकवूचो. माझ्या सांगण्यापेक्षा बरो."

गाडीत त्याने मुलीला त्या पाळण्याबद्दल सांगितलं, आणि पुढच्या सीटवर बसून मीही कान देऊन ऐकत राहिले. पहाटे तो वर चढायचा तेव्हा अंधार असायचा. कमरेला पट्टा, हातात पाना. काम करता करता पूर्वेला तांबडं फुटायचं, आणि त्याच्या पायाखाली आधी खाडी दिसायला लागायची, मग रस्ता, मग बागेतली झाडं. "वरसून बघलंय मगे कळला," तो म्हणाला, "सूर्य आधी माका दिसता, खालच्यांका नंतर." मुलीने इंग्रजीत विचारलं, "मामा, वेअर यू स्केअर्ड?" तो म्हणाला, "येस. एव्हरी डे." आणि मोकळेपणाने हसला. दोन वर्षांत त्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं फिटर म्हणजे जमिनीवर उभं राहून पाने फिरवणारा माणूस.

मग वळणावर तो पाळणा दिसला. सपाट मातकट जमीन, पांढरं पडलेलं आकाश, आणि त्यात तो प्रचंड गोल, एकटाच. ईदला आम्ही त्याच्या पायाशी गर्दीत चेंगरत होतो, तेव्हा मान वर करून नीट बघितलंच नव्हतं. या माणसाने त्याच्या टोकावर बसून सूर्य उगवताना बघितला होता. मी पहिल्यांदाच माझ्या भावाकडे वळून, अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही फाटकाशी होतो. गाड्या लावायच्या मैदानात मोजून सहा गाड्या. मी नवऱ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. तिकिटाच्या खिडकीत एक बाई बसली होती. फाटकावरच्या रखवालदाराने मला आणि मुलीला आत जायची खूण केली आणि दोघा पुरुषांपुढे हात आडवा धरला.

"हरीम. बस हरीम."

फक्त बायका. सोमवार बायकांचा. बायका आणि लहान मुलं. इजिप्शियन बाई मुलींना आणि बहिणींना घेऊन सोमवारी का जायची, तिला कटकट का नसायची, आणि दादाच्या टोळीला सोमवारी तासभर आधी बाहेर का काढायचे, हे सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. तिने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं काही नव्हतंच, सगळ्या कुवेतला ते माहीत होतं.

मी रखवालदारावर चढले. हिंदीत, इंग्रजीत, मग माझ्या मोडक्या अरबीत. हा माणूस गुरुवारी देश सोडून चालला आहे, तुझा पाळणा याच्या हातांनी फिरतो, हात बघ त्याचे. मी खरंच दादाचा हात धरून त्याच्यापुढे नाचवला. रखवालदार म्हातारा होता. त्याने तो हात बघितला, "मम्नू, मम्नू," मनाई आहे, असं म्हणत मान हलवली, पण आडवा धरलेला हात काढला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आई माझ्यासाठीच राखून ठेवायची. मला तिथेच रडू यायला लागलं.

"बाय, गप," दादा म्हणाला. "तू जा आत."

"तुला सोडून मी एकटी जाऊन काय करू? बसणार पण नव्हते मी, खाली थांबणार होते."

ते खरं होतं. मला उंचीची भीती वाटते. आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा मी भिंतीला धरून कपडे वाळत घालायची.

"आता बसाक होया," तो म्हणाला. "माझ्या बदली तू वर जावन बघ. मागच्या बाजूक कुंपणाची जाळी आसा, आमचो ट्रक लागता थय. थयसून पाळणो बराबर समोर. मी थय उभो रवतंय." आणि मग, जरा थांबून, "अकरा नंबराच्या डब्यात बस. तेचा दार मी स्वतः बसयलंय."

मी मुलीचा हात धरून आत गेले. मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर गेले नसते.

आत कुणी नव्हतं. इतकी मोठी जागा, इतके रंग, आणि माणूस नाही. उन्हाने डोळे दुखत होते. आकाशपाळण्याखाली एक फिलिपिनी मुलगी छत्री घेऊन बसली होती. तिने आम्हाला सांगितलं की दोघींसाठी पाळणा फिरवता येत नाही, सगळीकडे सारखी माणसं बसायला हवीत, नाहीतर एका बाजूला वजन जातं. गर्दी होईल तेव्हा या.

गर्दी होईल तेव्हा या! आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. रेतीच्या पोत्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. आणि दुसरंही कळलं. दादाला पाळणा बघायचा नव्हता, तो त्याने रोज बघितला होता. त्याला माणसं बघायची होती. आणि मी त्याला निवडून निवडून अशा वेळेला आणलं होतं, जेव्हा माणसंच नव्हती.

मागच्या कुंपणाशी गेलो. जाळीपलीकडे दोघे तिथे लावलेल्या एका ट्रकच्या सावलीत उभे होते. नवऱ्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. मी लांबूनच ओरडून सांगितलं, "गर्दीची वाट बघायला लागणार!" नवरा त्याही उन्हात हसला. म्हणाला, "तू हे म्हणतेस?"

आम्ही वाट बघितली. तास, दीड तास. मुलीने कंटाळून तीन आइस्क्रीमं खाल्ली. मी आयुष्यात पहिल्यांदा गर्दी यावी म्हणून देवाला हात जोडत होते.

साडेपाचच्या सुमाराला त्या यायला लागल्या. आधी दोन-चार, मग घोळकेच्या घोळके. काळ्या पायघोळ अबाया, त्यांच्या घड्याळाच्या वेळेला, सावकाश. आजीबाई चाकांच्या खुर्चीत बसून, मागून ढकलणाऱ्या मोलकरणी. लेकुरवाळ्या, नव्या नवऱ्या, शाळकरी पोरी. मी रोज या बायकांचं रक्त काढत होते. बाही वर केलेला एक दंड, खाली झुकलेली मान, हळू आवाजातलं एखादं उत्तर, एवढीच माझी त्यांची ओळख. पण इथे पुरुष नव्हता. फाटकाच्या आत आल्या आल्या कुणी डोक्यावरचं सैल करत होती, कुणी चपला हातात घेऊन धावत होती. माझ्या आईच्या वयाच्या एका बाईने लहान मुलांच्या घोड्यावर मांड ठोकली आणि सुनांनी टाळ्या वाजवल्या. मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी गर्दी म्हणजे टाळायची गोष्ट समजत होते, आणि इथे ती उघड्या दाराने आत येत होती आणि बागेला जीव येत होता.

अकरा नंबरचा डबा मिळावा म्हणून मी दोन फेऱ्या सोडल्या. फिलिपिनी मुलीला वाटलं माझं डोकं फिरलंय. डबा आला तेव्हा मी आधी दार बघितलं. बिजागरीला ताजं वंगण होतं. आमच्याबरोबर दोन शाळकरी मुली आणि त्यांची आजी बसली. कडी बसली, आणि जमीन माझ्या पायाखालून हळूच निघून गेली.

मी डोळे मिटून दाराचा दांडा पकडला. तो कोमट होता. मुलगी म्हणाली, "आई, ओपन युवर आईज. प्लीज." तिने मला कधी प्लीज म्हटलं नव्हतं.

उघडले. सूर्य खाली आला होता. खाडीचं पाणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पेटल्यासारखं लाल, त्यात दोन शिडाच्या होड्या. पलीकडे शहर, पाण्याच्या टाक्या, मनोरे, आणि त्याच्याही पलीकडे वाळवंट, ज्याला शेवटच नव्हता. मी या देशात सहा वर्षं राहत होते. रुमैथियाची इमारत, जाब्रियाचं हॉस्पिटल, बँक, बाजार आणि यांच्या मधल्या रांगा, याच्यापलीकडे मी काही बघितलं नव्हतं. हे एवढं सगळं रोज इथे होतं. आणि माझा भाऊ ते रोज बघत होता, पट्टा बांधून, घाबरून, एकटा.

वरच्या टोकाशी पाळणा क्षणभर थांबला. खालून, आजूबाजूने, सगळ्या डब्यांमधून आवाज उठला. किंचाळ्या होत्या, हसणं होतं, आणि त्यात अरबी बायका लग्नात जीभ फिरवून काढतात तो लांबलचक लकेरीचा आवाज. आमच्या डब्यातली आजी तो काढत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. मी खाली बघितलं. कुंपणाच्या बाहेर दोन माणसं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातल्या एकाने हात वर धरला होता आणि हातात काहीतरी काळं होतं.

इथे आवाज आवर म्हणणारं कुणी नव्हतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "दादाऽऽऽ! तू माका दिसतंऽऽस!"

आजी दचकली, मग माझ्याकडे बघून हसली आणि माझा हात घट्ट धरून बसली. खाली येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

बाहेर आलो तेव्हा दादा टेपरेकॉर्डर रुमालात गुंडाळत होता. ऐकू आलं का, मी विचारलं. "इला इला," एवढंच म्हणाला. अडीच तास उभा राहून त्याचे पाय सुजले होते. गुरुवारी तो गेला. माझ्या मनात मात्र सल राहिला, की माझ्या शहाणपणामुळे त्याला आत जाता आलं नाही. पुढच्या खेपेला गावी गेले की त्याची माफी मागायची, असं मी ठरवलं.

पुढची खेप लवकरच आली, पण अशी येईल असं वाटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य शिरलं. आम्ही बसने, ट्रकने, वाळवंटातल्या तंबूंतून जॉर्डनला पोहोचलो आणि तिथून मुंबईला. तिघांत दोन पिशव्या. फोटो, माझी सर्टिफिकिटं, मुलीची पुस्तकं, सहा वर्षांचं घर, सगळं रुमैथियाला राहिलं. लढाई संपल्यावरही तिथलं काही कळेना. तो पाळणा उभा आहे की नाही, हेही कुणी सांगू शकत नव्हतं.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात मी माहेरी गेले. दादाने गावातच ग्रिल आणि फाटकं करायचं दुकान टाकलं होतं. तो दुकानात होता. मी ओटीवर बसले होते, कुवेतबद्दल कुणी काही विचारू नये अशी इच्छा करत. दादाची मुलगी आली, हातात कॅसेट.

"आत्ये, तुका आयकवतंय," ती म्हणाली. "सगळ्या शाळेन आयकलीहा."

आधी नुसता वारा. मग ट्रकचं दार. मग लांबून तो आवाज उठला, किंचाळ्या, हसणं, ती लकेर, आणि मी ज्यांची नावंही जाणत नव्हते त्या सगळ्या बायका पुन्हा त्या ओटीवर आल्या. त्यांचं पुढे काय झालं असेल? आणि त्या सगळ्यांच्या वरून, बारीक पण स्पष्ट, माझी हाक आली. दादाऽऽऽ.

"ही तूच मा?" मुलीने विचारलं. "आरडतंस काय हसतंस गो?"

मी हात वर करून तिला थांब म्हटलं, कारण टेपवर अजून काहीतरी होतं. माईकच्या अगदी जवळून कुणीतरी बोलत होतं, इतकं हळू, की कुंपणाच्या आतही कुणाला ऐकू गेलं नसतं, मग मला वर कुठून जाणार.

"दिसतंस गो बाय," दादा म्हणत होता. "माका पण दिसतंस."